नामिबियातील कोलमनस्कोप हे ओसाड हिरेनगर पाहायला लुडेरिट्झहून अर्धा दिवस पुरेल का, आणि कधी जावे?

अर्धा दिवस पुरेसा आहे, मात्र तो सकाळचाच असावा. कोलमनस्कोप लुडेरिट्झपासून जेमतेम दहा किलोमीटरवर असले, तरी दुपारनंतर दक्षिणेकडून येणारा जोराचा वारा वाळू उडवू लागतो आणि मग डोळे व कॅमेरा दोन्ही सांभाळणे कठीण होते. शिवाय सर्वसाधारण तिकिटावरचा प्रवेश व मार्गदर्शकासोबतची फेरीही सकाळच्याच वेळात असते. ती फेरी चुकवू नये, कारण १९०८ मध्ये रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या कामगाराला हिरा सापडला, त्यातून वाळवंटात रुग्णालय, बर्फाचा कारखाना आणि स्किटल्स (चेंडूने लाकडी खुंट्या पाडण्याचा खेळ) खेळण्याची जागा असलेली जर्मन वस्ती कशी उभी राहिली आणि दक्षिणेला ऑरेंज नदीच्या बाजूला अधिक समृद्ध साठे सापडल्यावर ती १९५६ पर्यंत कशी रिकामी झाली, हे नुसती वाळूने भरलेली घरे पाहून कळत नाही. (खरे तर त्या घरांपेक्षा मला बर्फाच्या कारखान्याचेच अधिक नवल वाटते.) अपवाद छायाचित्रकारांचा: पहाटेचा किंवा संध्याकाळचा प्रकाश हवा असेल, तर वेगळा, महाग परवाना घ्यावा लागतो, त्याची चौकशी आदल्या दिवशीच करावी. घरांच्या लाकडी जमिनी कुजलेल्या आहेत, त्यामुळे वरच्या मजल्यांवर जपून चालावे. वाळूत चमकणारा खडा मात्र उचलू नये, कारण तिथे कच्चा हिरा विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे.