चढायचं पायी, उतरायचं रोपवेने

प्रश्न : माझं वय 59, यजमानांचं 64. ते अजून साल्हेर, हरिहर करून येतात. मला चढताना काही होत नाही, पण उतरताना गुडघे ठणकतात. दोघांनी मिळून नॉर्वेला जायचं ठरलं आहे. यजमानांना प्रेकेस्तूलेनचा कडा चढायचा आहे. मुलगा म्हणतो, ‘मोठी क्रूझ घ्या, आईला चालायलाच नको.’ मला बोट लागते. मी खोलीत बसून राहावं आणि ते फिरून यावेत, असं होऊ नये. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ‘चढताना काही होत नाही’ हे आहे. तुमचा प्रवास त्या वाक्याभोवतीच आखू या. उतरताना शरीराचं वजन दर पावलाला गुडघ्यावर येतं आणि मांडीच्या स्नायूंना ते सावरत राहावं लागतं. त्यामुळे जिथे पायी चढून गाडीने उतरता येतं, अशा जागा तुमच्यासाठी निवडायच्या. नॉर्वेत त्या आहेत, आणि त्याही ऐन शहरांत.

आधी बर्गनचं सांगते. शहराच्या डोक्यावर फ्लॉयेन नावाची 320 मीटर उंचीची टेकडी आहे. वणीला सप्तशृंगगडावर 2018 मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी, सुरू झाली, तशीच फ्युनिक्युलर इथे 1918 पासून चालते आहे. बहुतेक लोक तिने वर जातात आणि मजेत चालत उतरतात. तुम्ही नेमकं उलट करा. झाडीतून वळणं घेत जाणारी पायवाट दोघांनी सोबत चढायची, वर कॉफी घ्यायची, बंदराकडे बघत हवा तेवढा वेळ बसायचं आणि फ्युनिक्युलरने खाली यायचं.

नॉर्वेच्या उत्तरेतल्या ट्रोम्सोला हाच बेत मोठ्या मापाचा आहे. तिथे नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेला 1,200 दगडी पायऱ्यांचा जिना आहे, त्याचं नावच शेर्पा जिना. तो संपतो तिथून जवळच रोपवेचं वरचं स्थानक आहे, उंची 421 मीटर. आम्ही चढलो तेव्हा माझा नवरा पुढे आणि मी मागे, पण ठरलेलं होतं की प्रत्येक बाकापाशी त्याने थांबायचं आणि मी पोचल्यावर लगेच उठायचं नाही. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. पुढे गेलेला माणूस विसावून ताजातवाना होतो आणि मागचा पोचला रे पोचला की निघतो, मग मागच्याला विश्रांती मिळतच नाही. तुमच्या यजमानांना हे घरातूनच सांगून ठेवा. वर पोचल्यावर खाली सगळं ट्रोम्सो बेट, पूल आणि पलीकडचे बर्फाचे डोंगर दिसतात. निघायच्या आधी रोपवे चालू आहे ना, हे मात्र बघा. वारा सुटला की तो बंद ठेवतात.

आता प्रेकेस्तूलेन. लीसेफ्योर्डच्या पाण्यापासून सरळ 604 मीटर उंच उठलेला सपाट माथ्याचा कडा. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. जाऊन-येऊन 8 किलोमीटर, चार ते पाच तास. इथल्या वाटेवरही शेर्पांनी दगड बसवले आहेत, पण रोपवे नाही. ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरायचं. माझं स्पष्ट मत, तुम्ही हा चढू नका, आणि यजमानांनाही अडवू नका. जवळच्या स्टाव्हांगर शहरातून लीसेफ्योर्डमध्ये फेरी मारणाऱ्या बोटी निघतात, त्या या कड्याच्या बरोबर खालून जातात. ते वर, तुम्ही खाली, असा तो दिवस घालवा. फ्योर्ड आतल्या बाजूचा असल्याने तिथलं पाणी बहुतेक शांत असतं, बोट लागायची भीती कमी. संध्याकाळी दोघांकडे सांगायला एकाच कड्याच्या दोन गोष्टी असतील. मला ही वाटणी खोलीत बसण्यासारखी अजिबात वाटत नाही.

यजमानांसाठी एक अट. नॉर्वेच्या डोंगरात वागायचे जे नऊ नियम आहेत, त्यातला आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. किती वाजता परत फिरायचं, हे पायथ्याशीच ठरवून तुम्हाला सांगून जाऊ द्या. कड्याला कठडा नाही आणि ओला ग्रॅनाइट निसरडा असतो. सह्याद्रीत कितीही वर्षं काढलेली असली तरी पावसात तिथे हट्ट नको.

स्टाव्हांगरहून बर्गनला बसने या. दोनदा ती बस फेरीबोटीवर चढते आणि आपण वर जाऊन समुद्र बघत उभं राहायचं, फार सुरेख रस्ता आहे.

मुलाच्या सूचनेबद्दल. मोठी क्रूझ स्थिर असते, हे त्याचं बरोबर आहे. पण हजारो माणसं एकदम एखाद्या चिमुकल्या गावात उतरतात, आणि तुम्हाला पायाखालची जमीन हवी आहे. म्हणून मी किनाऱ्याची बोट सुचवते. कॅप्टन रिचर्ड विथ यांनी 1893 मध्ये ट्रोंडहाइम ते हॅमरफेस्ट अशी ही वाहतूक सुरू केली. आज ती बर्गन ते किर्केनेस अशी 34 बंदरं घेते, आणि हुर्तिगरूतन व हाविला या दोन कंपन्या ती चालवतात. बोटीवर कॅसिनो नाही, रात्रीचे नाचगाण्याचे कार्यक्रम नाहीत. माल चढतो-उतरतो, गावची माणसं दोन बंदरांपुरती बसतात. माझा नवरा वेंगुर्ल्याचा. भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जाणारी कोकणबोट त्याने लहानपणी अनुभवलेली. नॉर्वेतही पहाटे कुठल्याशा बंदरात बोट थांबली की हा स्वेटर चढवून डेकवर हजर, कुठल्या पेट्या उतरतात ते बघायला. मी झोपून राहायचे. दोघंही सुखी.

पूर्ण फेरी बारा दिवसांची आहे, तेवढी करू नका. बर्गन ते ट्रोम्सो, चार रात्री, पुरे. पुढचा फिनमार्कचा, म्हणजे नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाचा, समुद्र उघडा आहे. या चार रात्रींतही दोन ठिकाणी बोट हलेल : ऑलेसुंदच्या आधी स्टाडच्या टोकाला, आणि बोडोहून लोफोटेन बेटांकडे जाताना. कॅबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागा. औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ऑलेसुंदला वेळ मिळाला तर अक्सला टेकडीच्या 418 पायऱ्या आहेत, पण त्या उतरायलाही लागतात, तेव्हा तुम्ही गाडीने वर जा. आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं तिथे एका खडकाळ बेटावर पृथ्वीगोल उभारलेला आहे. त्या सकाळी लवकर उठा.

ट्रोम्सोला उतरून तिथेच दोन-तीन रात्री राहा. बोट तिथे साधारण चार तास थांबते आणि कुणासाठी खोळंबत नाही. घड्याळाकडे बघत 1,200 पायऱ्या चढण्यात काही अर्थ नाही.

आतापासून पांडवलेणीच्या पायऱ्या सुरू करा. दोन्ही हातांत काठ्या घेऊन, आणि उतरण्याचा सराव जास्त. बूट इथेच वापरून मऊ करा.

प्रश्न : मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एकाच सहलीत बघता येतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ट्रोम्सोत साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे, दिसायला अंधार लागतो. दोन्ही दाखवू म्हणणाऱ्या सहल कंपनीला तारखा विचारा. चालायची आवड असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. सखल भागातल्या वाटा तेव्हा खुल्या असतात आणि रात्रीही अंधाऱ्या व्हायला लागलेल्या असतात. ढग मात्र कुणाच्या हातात नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघं शाकाहारी. खायचं सामान सोबत न्यावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : न्या, पण बघून. भारतातून नॉर्वेत दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खवा घरीच ठेवा. चटण्या, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, खाकरे बरे पडतात. शाकाहारी आहोत हे बोटीच्या बुकिंगमध्येच लिहा, आणि मासेसुद्धा नको हे वेगळं लिहा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. तिथलं नळाचं पाणी पिण्यालायक आणि चवीलाही छान असतं. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा त्यासोबत जोडावा लागतो. उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे तिकिटांच्या तारखा नक्की झाल्या की त्याच आठवड्यात अर्जाला लागा.