बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा असेल तर तांबी घ्यावी की इंजेक्शन?

आपण लिहिले आहे की बाळ चार महिन्यांचे आहे, पाळी अजून आलेली नाही, दुसरे मूल तीन-चार वर्षांनी हवे आहे आणि तांबी, इंजेक्शन की ऑपरेशन हे ठरत नाही. सासूबाई तर म्हणतात की अंगावर पाजते आहेस तोवर काहीच लागत नाही. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात राहणारी दोन मुलांची आई आहे आणि पहिल्या मुलीनंतर मीही याच विचारात होते.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी आलेली नसावी आणि बाळाला दिवसा व रात्रीही केवळ अंगावरचेच दूध मिळत असावे. यांतली एक जरी अट मोडली, तरी त्यावर विसंबता येत नाही. बीज पाळीच्या आधी बाहेर पडते, त्यामुळे पाळी येऊ दे, मग बघू, असे म्हणत थांबलेल्या बाईला पाळी न येताच दिवस जाऊ शकतात. आमच्या शेजारच्या वहिनींचे असेच झाले. धाकटा जन्मला तेव्हा थोरला जेमतेम पाऊल टाकू लागला होता. आपल्या हातात फार तर दोन महिने आहेत.

मी तांबी, म्हणजे कॉपर-टी, घेतली. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही ती बसवतात, पण तेव्हा ती निसटून पडण्याची शक्यता अधिक असते. नाहीतर सहा आठवडे थांबावे लागते. गडहिंग्लजला माहेरी सव्वा महिना काढून परतल्यावर मी दाखवायला गेले आणि त्याच भेटीत, पाच-दहा मिनिटांत, पाळीतल्यासारख्या कळा सोसून काम झाले. त्यात हार्मोन नसल्याने दुधावर परिणाम होत नाही, आणि ती छातीत चढते ही निव्वळ अफवा आहे. ३७५ प्रकारची तांबी पाच वर्षे आणि ३८० ए प्रकारची दहा वर्षे चालते, पण मनात येईल तेव्हा काढता येते, आणि काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. मी साडेतीन वर्षांनी काढली आणि तिसऱ्या महिन्यात दिवस गेले.

त्रास झाला नाही असे मात्र म्हणणार नाही. सुरुवातीच्या तीन-चार पाळ्यांत रक्तस्राव बराच होता, आणि बाळंतपणातच रक्त कमी झालेले असल्याने मला लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या. आपले हिमोग्लोबिन कमी असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी हार्मोनयुक्त तांबी सुचवली जाऊ शकते, तिने रक्तस्राव घटतो, पण ती महाग पडते. आपल्याला पाळी आलेली नाही, म्हणून बसवण्यापूर्वी गर्भ नाही याची खात्री करून घ्यावी. नंतर ताप, ओटीपोटात तीव्र वेदना किंवा दुर्गंधीयुक्त स्राव झाला, अथवा दोरा हाताला लागेनासा झाला, तर थांबू नये.

अंतरा हे दर तीन महिन्यांचे इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर पाजणाऱ्या आईलाही चालते. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते. तेवढ्याने नुकसान नाही, पण घरातल्या बायकांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसावे लागते. मला अडलेली गोष्ट वेगळी होती: ते बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, आणि मला तारीख ठरवून दुसरे मूल हवे होते. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते, पण ती आठवणीने घ्यावी लागते. तांबी आणि अंतरा आमच्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

ऑपरेशनचा विचार आत्ता सोडून द्यावा, कारण ते कायमचे असते आणि आपल्याला मूल तर हवे आहे. आमच्या घरी दुसऱ्या मुलानंतर यजमानांनीच बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. तीन महिने निरोध वापरून, वीर्यतपासणी झाल्यावरच आम्ही निर्धास्त झालो. आपणही तांबी बसेपर्यंत निरोध वापरावा, आणि बसवल्याची व काढण्याची तारीख लिहिलेले कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत ठेवावे. माझे तिथेच ठेवले होते, म्हणून हरवले नाही.