सुटका झाली, सातबारा नाही

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात अमेरिकेच्या यादवी युद्धावर, म्हणजे गुलामगिरी राखायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं आणि उत्तर यांच्यातल्या युद्धावर, दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली तीन पत्रं इथे घेते. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: बाई, जोतिराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं म्हणून. पण त्याच देशात 1965 पर्यंत मतदानाच्या हक्कासाठी काळ्यांना लाठ्या खाव्या लागल्या. जोतिरावांपर्यंत अर्धीच बातमी पोचली होती का? — एक वाचक, बार्शी

उत्तर: आपण प्रश्न नेमका विचारलात. बातमी अर्धी नव्हती, ती त्या वर्षापुरती खरी होती. युद्ध 1865 च्या एप्रिलमध्ये संपलं आणि सुमारे 40 लाख माणसं गुलामीतून सुटली. पुढच्या पाच वर्षांत राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या: 1865 ला गुलामगिरी बंद, 1868 ला नागरिकत्व, 1870 ला मताचा हक्क (पुरुषांनाच, हे आम्हा बायकांच्या लगेच लक्षात येतं). बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस पूर्वी ज्या मिसिसिपीतून सिनेटवर गेला होता, त्याच मिसिसिपीतून 1870 मध्ये हायरम रेव्हल्स हा काळा धर्मोपदेशक सिनेटर झाला. जोतिरावांचं पुस्तक आलं त्या वर्षी वॉशिंग्टनच्या कनिष्ठ सभागृहात सात काळे सभासद निवडून आलेले होते. रॉबर्ट स्मॉल्सचं उदाहरण तर मी वर्गात हटकून सांगायचे. गुलाम असताना 1862 साली त्यानं चार्ल्सटनच्या बंदरातून बंडखोरांचं जहाज पहाटे पळवलं, पुढे आपल्या जुन्या मालकाचं घर लिलावात विकत घेतलं आणि नंतर खासदारही झाला.

पण त्याच 1873 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कचेरीचं रक्षण करणाऱ्या काळ्या माणसांना गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं घेरलं. पुष्कळांना तर शरण आल्यावर मारलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1876 मध्ये न्यायालयानं आरोपींना सोडलं. घटनादुरुस्तीनं सरकारला आवर घातला आहे, खासगी माणसांना नाही, असा तो निकाल. मग जीव वाचवायचा कोणी? तर राज्य सरकारनं, म्हणजे हळूहळू त्याच टोळ्यांच्या हाती चाललेल्या राज्यांनी.

1877 मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद मिटवताना सौदा झाला. हेज गादीवर बसले आणि दक्षिणेतल्या राज्य सरकारांना वॉशिंग्टनचं उरलेलं लष्करी पाठबळ काढून घेतलं गेलं. (आपली जुनी मिल सुरू झाली ते हेच वर्ष. सोलापूरकराला तारखा अशाच लक्षात राहतात.) मताचा हक्क कागदावरून कोणी खोडला नाही. मतपत्र भरण्याआधी कर भरा, घटनेतलं कलम वाचून अर्थ सांगा, अशा अटी घातल्या. लुइझियानात 1896 मध्ये 1,30,000 वर काळे मतदार नोंदलेले होते, 1904 मध्ये दीड हजारसुद्धा उरले नाहीत.

प्रश्न: आम्ही सोलापूरच्या सेटलमेंटमधले, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडलेल्या वस्तीतले. आमचे आजोबा तारेच्या आत होते, हजेरी द्यायचे. तार निघाली, पण पोलीस चोरी झाली की पहिल्यांदा आमच्याच दारात. तिकडच्या गुलामांना सोडल्यावर पोटापाण्याला काय दिलं? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मिल कामगारांच्या रात्रशाळेत शिकवताना तुमच्या वस्तीतली मुलं माझ्या वर्गात असायची. त्यांना हा धडा कधी समजावून सांगावा लागला नाही.

काय दिलं? दिलं, आणि परत घेतलं. जानेवारी 1865 मध्ये सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेच्या जनरल शेर्मननं वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवं. त्यांच्या वतीनं 67 वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले: जमीन हवी, ती आम्ही आमच्या कष्टानं कसू. चारच दिवसांत हुकूम निघाला. समुद्रकाठची, पळून गेलेल्या मालकांची जमीन कुटुंबाला 40 एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे 40,000 माणसं त्या जमिनीवर बसली, पेरण्याही झाल्या. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन मारले गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफी देण्याचा सपाटा लावला, आणि माफीबरोबर जमीनही परत. ज्यानं पेरलं त्याला उठवलं.

आता तुमच्या पोलिसांबद्दल. त्याच 1865 च्या नोव्हेंबरात मिसिसिपीनं कायदा केला. काळ्या माणसानं दर जानेवारीत घर आणि काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या, त्याला दंड. पाच दिवसांत दंड भरला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायला पाठवायचा, जुन्या मालकाकडेसुद्धा. गुलामगिरी बंद करणाऱ्या दुरुस्तीतच ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून’ अशी फट होती, आणि त्या फटीतून पुढे कैद्यांच्या टोळ्याच्या टोळ्या खाणींना आणि मळ्यांना भाड्यानं दिल्या गेल्या. आपल्याकडे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. हजेरीचं रजिस्टर बदललं, नावं तीच राहिली. वॉशिंग्टनच्या संसदेनं 1867 मध्ये दक्षिणेत लष्कर बसवून ते काळे कायदे मोडले, हे त्यांचं श्रेय. जमिनीला मात्र कोणी हात लावला नाही.

मग माणसं पुन्हा कापसाकडे गेली. जुन्या मालकाची जमीन अर्ध्या वाट्यानं करायची, बी-बियाणं आणि पीठमीठ त्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि पीक निघाल्यावर हिशेब त्याच्याच वहीत. आपल्या ऊसतोड कामगारांची मुकादमाकडची उचल जशी हंगामानंतरही फिटत नाही, तसंच ते. त्यात युद्धानंतर कापसाचे भाव घसरले. माझं मत स्पष्ट आहे: मताच्या आधी नाही, पण मताच्या बरोबर जमीन दिली असती, तर मत इतक्या सहजासहजी हिरावता आलं नसतं. मत द्यायला निघालेल्याला खोपटातून हाकलता येत होतं, कारण खोपट मालकाचं होतं.

शाळा मात्र टिकल्या. आजी आणि नात एकाच बाकावर बाराखडी गिरवत होत्या. 1868 च्या सुमाराला दक्षिणेतल्या राज्यांनी नव्या घटना केल्या, त्यांत सरकारी मोफत शिक्षण आलं. गोऱ्या गरिबांची पोरंही त्यामुळेच शिकली. याची आठवण तिथे फारसं कोणी काढत नाही.

प्रश्न: बाई, युद्धात सहा-सात लाख माणसं मेली. मग हरलेल्यांना माफ करून देश जोडला हे चांगलंच नाही का? लिंकनही तेच म्हणत होते. मला प्रकल्पात असंच लिहायचं आहे. — बी. ए. ची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: लिही, पण कोणी कोणाला माफ केलं तेही लिही. डेव्हिसला दोन वर्षं कैदेत ठेवून खटला न चालवताच सोडलं. त्याचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स 1873 मध्ये पुन्हा संसदेत येऊन बसला. उत्तरेचे गोरे आणि दक्षिणेचे गोरे यांचा समझोता झाला, आणि चाबूक ज्याच्या पाठीवर पडला त्याला बैठकीला बोलावलंच नाही. लिंकनचं ‘द्वेष कोणाशीही नको’ एवढंच वाक्य घेऊ नकोस, 4 मार्च 1865 चं पूर्ण भाषण वाच. चाबकानं काढलेल्या रक्ताच्या हिशेबाची गोष्ट त्याच भाषणात आहे.

आणि एक अर्ज वाच. सुटलेल्या गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबर 1865 मध्ये एडिस्टो बेटावर गेले, जमीन सोडा आणि मालकांना क्षमा करा असं सांगायला. लोकांनी तिघांची समिती नेमून उत्तर लिहिलं. हॉवर्ड यांचा उजवा हात युद्धात गेला होता. त्यांना या लोकांनी कळवलं की आपला हात गेला, आपण कदाचित क्षमा कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला फटके मारले, आणि जो आजही मला त्याच्या अटी मान्य केल्याशिवाय रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी सहज क्षमा करू शकत नाही.

मूळ मजकूर इंग्रजीत आहे, आणि लिहिणाऱ्यांचं शुद्धलेखन कच्चं आहे. परीक्षेत येणार नाही. तरी वाच, आणि प्रकल्पाचा पहिला मसुदा मला दाखव.