खिळा पाण्यातच राहू द्या

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी एसवायबीएला, विषय इतिहास. बँकेच्या परीक्षेचं नाव काढलं की गप्प होते आणि ‘बुडालेल्या जहाजांचा इतिहास लोकांना सांगायचाय’ म्हणते. वर ओट्यावरच्या बरणीत, पाण्यात ठेवलेला तो गंजका खिळा, कोळीवाड्यातल्या कुणाच्या तरी जाळ्यात आलेला. ‘यावर पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी खिळ्याचं सांगते. तो फेकू नका. समुद्रातल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. बाहेर काढून वाळवलं की ते मीठ आतून लोखंड खातं, पोपडे सुटतात आणि हातात भुगा उरतो. प्रयोगशाळेतसुद्धा पहिल्यांदा वस्तू ओलीच ठेवतात. फक्त तो कुठे, किती पाण्यात, कोणाच्या जाळ्यात मिळाला हे तिने आजच लिहून ठेवावं. बुडालेल्या जहाजाची वस्तू असेल तर ती सरकारला कळवावी लागते, हेही तिला माहीत हवं.

आता पोटाचं. समुद्रात बुडी मारून संशोधन करण्याच्या जागा देशात मोजक्याच. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालची शाखा, ही त्यातली मुख्य नावं. त्यासाठी पुरातत्त्वातली एमए हवी, पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठी नावाजलेलं आहे. पण तुमच्या मुलीला ‘सांगायचंय’. तिने पदवीनंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा पाहावा. संग्रहालयं, अभिलेखागारं, वारसा फेऱ्या, प्रदर्शनं इथे काम मिळतं. सुरुवातीला बहुतेक कंत्राटी, हे लपवत नाही. म्हणून बँकेची परीक्षाही तिने द्यावी. पण त्या परीक्षेच्या बदल्यात तिची बरणी काढून घेऊ नका.

कारण सांगण्यासारखं इथे खूप आहे, आणि सांगणारे कमी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू बोटीचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच बोटीत. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. पण गोदीबाहेरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं? १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारीला घरी निघालेली साधी माणसं होती ती. त्यांची नावं, त्यांच्या घरच्यांनी पाहिलेली वाट, हे खोल पाण्यात नाही, इथल्या चाळींत आणि पलीकडे अलिबागेत आहे. ते आठवणारे आता ऐंशीच्या पुढचे आहेत. मला याचीच घाई वाटते.

तुमचे सासरे मूळचे रेवसचे, असं तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय. पहिली मुलाखत त्यांचीच घ्यायला सांगा. मोबाइल त्यांच्या जवळ ठेवा, आणि तेवढा वेळ पंखा बंद करा, नाहीतर आवाज नीट येत नाही.