पावणेदोन, दीड, सव्वा : झोपेची गोळी उतरवताना

प्रश्न : वय ६६. नोकरीत असताना झोप येईना म्हणून अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम सुरू झाली, तिला ११ वर्षं झाली. आता गोळी घेऊनही जेमतेम साडेपाच तास झोप लागते. दोनदा बंद करून पाहिली. दोन्ही वेळा तीन-तीन रात्री टक्क जागा होतो, छातीत धडधड, हाताला कंप. हिच्याऐवजी दुसरी एखादी निरुपद्रवी गोळी आहे का?

उत्तर : दुसरी गोळी शोधलीत तर फक्त पाकीट बदलेल. त्या तीन रात्रींत जे झालं तो तुमचा जुना निद्रानाश नव्हता. रोज येणाऱ्या औषधाशी मेंदूने ११ वर्षांत जुळवून घेतलेलं असतं. ते एका रात्रीत काढलं की मेंदू उसळी मारतो. झोप उडते, घाम येतो, हात थरथरतात, काहींना फिटही येते. त्यामुळे तिसऱ्यांदा एकदम बंद करू नका. ‘एक दिवसाआड’ हा घरगुती उपायही नको. अल्प्राझोलम साधारण ११-१२ तासांत निम्मी उतरते, उतारवयात थोडी सावकाश. मधल्या रात्री ती शरीरात फारशी उरतच नाही, म्हणजे दर दोन दिवसांनी तोच छोटा झटका.

आधी तीन-चार आठवडे गोळीला हात न लावता झोप बसवा. उशाशी वही ठेवा. अंथरुणावर किती वाजता गेलात, अंदाजे किती झोपलात आणि उठलात कधी, हे सकाळी लिहायचं. रात्री घड्याळ पाहायचं नाही. समजा तुम्ही साडेनऊला आडवे होता आणि सहाला उठता. अंथरुणात साडेआठ तास, झोप साडेपाच, म्हणजे ६५ टक्के. उरलेले तीन तास कूस बदलण्यात जातात आणि अंथरूण म्हणजे जागं राहण्याची जागा हे डोक्यात पक्कं होतं. म्हणून अंथरुणातला वेळच सहा तासांवर आणा : रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. उठण्याची वेळ रविवारीही तीच. पडल्यावर वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. आठवडाभराची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली, म्हणजे सहा तासांत पाच तास सहा मिनिटं झोप, की पंधरा मिनिटं लवकर झोपायला लागा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशोब.

हे पुस्तकी वाटतं, पण ‘सीबीटी-आय’ या, गोळीविना झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा कणा हाच आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत सुचवली. बहुतेकांचं घोडं अडतं ते वामकुक्षीपाशी. जेवणानंतरचा तासभर रात्रीच्या झोपेतून वजा होतो. अगदीच राहवत नसेल तर दुपारी तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं. पहिले दहा-बारा दिवस दिवसा पेंग येईल, त्या काळात स्कूटर-गाडी टाळा. फिट किंवा बायपोलरचा (मन कधी अतिउत्साही, कधी उदास होण्याचा आजार) त्रास असलेल्यांनी झोपेचे तास स्वतःहून कमी करू नयेत.

मग गोळी. डॉक्टरांकडून ०.५ ऐवजी ०.२५ च्या साध्या गोळ्या लिहून घ्या. रात्री दोन घेतल्या की मात्रा तीच राहते, पण पायऱ्या पाडता येतात : दोन, पावणेदोन, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धी, पाव, बंद. एका पायरीवर दोन ते चार आठवडे. सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या जातात आणि माणूस घाई करतो. पण पावणेदोनावरून दीडवर येताना सातवा हिस्सा कमी होतो, अर्धीवरून पाववर येताना निम्मी मात्रा जाते. म्हणून खाली आलात की जास्त थांबा. एकूण सहा-सात महिने धरून चाला. त्रास झाला तर आहे त्याच पायरीवर थांबा, पुन्हा वर चढू नका. मात्र भ्रम झाला, फिट आली किंवा कंप आवरेना, तर थेट दवाखाना गाठा.

एवढीशी गोळी नखाने किंवा सुरीने तोडली तर एक तुकडा मोठा, एक भुगा. मेडिकलमध्ये गोळी कापायचं छोटं कटर मिळतं. एक गोळी कापली की तिचेच चारही तुकडे संपवा, मग दुसरी. तुकडे लहानमोठे झाले तरी चार रात्रींत हिशोब जुळतो. पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेली गोळी तोडायची नाही, तिच्यातलं औषध सावकाश सुटण्याची सोय तोडल्यावर मोडते.

हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत असेल तर ती सोय तुमच्या मुळावर येणारी आहे. ही गोळी शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवावं लागतं. पूर्वी फिट आलेली असेल, रोज दारू असेल किंवा मात्रा १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मनोविकारतज्ज्ञच हवेत. जिल्हा रुग्णालयात विचारा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

घोरता का, रात्री पायांत वळवळ होते का, लघवीला तीन-चारदा उठावं लागतं का, हेही डॉक्टरांना सांगा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणाऱ्याला झोपेच्या कुठल्याच गोळीने पूर्ण रात्र मिळत नाही.

प्रश्न : आईची (७२) गोळी सोडवायची आहे. मेलाटोनिन, अश्वगंधा, जायफळ, यांतलं काय द्यावं?

उत्तर : मेलाटोनिन शरीराच्या घड्याळाला इशारा देतं, गुंगी आणत नाही. झोप सरासरी सात-आठ मिनिटं लवकर लागते, एवढीच अपेक्षा ठेवा. गोळी सुटताना येऊ शकणारी फिट ते थांबवत नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधाशीही तिचं जमत नाही. जायफळाचे दुधात दोन-चार वळसे ठीक. अख्खं जायफळ पाच-सात ग्रॅमचं असतं आणि तेवढं पोटात गेलं तर भ्रम, धडधड, ओकाऱ्या. सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या या वयात नकोतच, लघवी अडते आणि माणूस बरळतो.

त्यापेक्षा काशाच्या वाटीने तळपाय घासून द्या. पाय गरम झाले की आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. फक्त तेल नीट पुसून घ्या. गोळीची गुंगी, तेलकट पाय आणि बाथरूमची फरशी एकत्र आली की खुब्याचं हाड मोडतं.

प्रश्न : पत्नी दोन महिने झोल्पिडेम ही झोपेची गोळी (१० मिलिग्रॅम) घेते. रात्री उठून स्वयंपाकघरात जाते, खाते. सकाळी काहीच आठवत नाही.

उत्तर : हा त्या गोळीचाच परिणाम आहे. झोपेत चालणं, खाणं, गाडी चालवणं अशा घटनांमुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बायकांच्या शरीरातून ती सावकाश उतरते, म्हणून त्यांची सुरुवातीची मात्रा २०१३ मध्येच ५ मिलिग्रॅम केली होती. पण असं एकदा झालं की कमी मात्रेतही ती पुन्हा घेऊ नये. आजच डॉक्टरांना फोन करून कशी थांबवायची ते विचारा. तोवर झोपताना सिलिंडरचा नॉब बंद करा आणि बाहेरच्या दाराची किल्ली तुमच्या उशीखाली ठेवा.