पाचशे रुपयांत प्रोग्रामिंगची कोणती पुस्तकं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की बीसीएचं पहिलं वर्ष आहे, शाळा हिंदी माध्यमाची झाली, घरी मराठी आणि हातात पाचशे रुपये. माझीही सुरुवात इंदुरातच, जवळपास अशीच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी खजुरी बाजारातून सी या प्रोग्रामिंग भाषेचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. पहिलाच प्रोग्राम जसाच्या तसा टाइप केला, तर 'कोनिओ डॉट एच' ही फाइल सापडत नाही असा एरर. पंधरा दिवस मला वाटत राहिलं की हे काही आपल्याला जमणारं नाही. पुढे कळलं, पुस्तक टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) काळातलं होतं. ती फाइल डॉस या जुन्या सिस्टीमवरच्या कंपायलरबरोबर यायची, लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरबरोबर येत नाही. त्याच पुस्तकात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा होता, म्हणजे 32767 च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. माझ्याकडे तो चार बाइटचा निघाला. आपापल्या जागी दोन्ही बरोबरच, पण नवख्याला हे कोण सांगणार?

म्हणून जुनं पुस्तक घेताना आधी आवृत्तीचं साल बघा. पायथन या भाषेचं असेल तर कुठलंही उदाहरण उघडा. प्रिंटनंतर कंस नसतील तर ते पायथन 2 चं. त्याचा सपोर्ट 2020 च्या सुरुवातीलाच संपला, कुणी फुकट दिलं तरी आणू नका.

मला विचाराल तर ॲलन डाउनी यांच्या 'थिंक पायथन'ने सुरुवात करा. तिसरी आवृत्ती 2024 ची आहे आणि नेटवर मोफत वाचता येते. इंग्रजी सोपं आहे. तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे प्रकरणाच्या शेवटी दिलेला शब्दकोश: आर्ग्युमेंट, पॅरामीटर, रिकर्शन. एक वही घ्या आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या मराठीत, घरी आईला समजेल असा लिहा. लिहिता आला नाही, तर ते प्रकरण पुन्हा वाचा. उदाहरणं मात्र हाताने टाइप करायची, कॉपी-पेस्ट अजिबात नाही.

कॉलेजात सी असेल तर कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' सगळेच सुचवतील. माझं फार लाडकं पुस्तक आहे, पण पहिलं म्हणून मी ते कुणाला देत नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची थोडी ओळख वाचकाला आहे असं धरून चाललोय, हे लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलंय. पाच-सहा महिन्यांनी घ्या. पहिल्याच प्रकरणात अक्षरं, ओळी आणि शब्द मोजणारे छोटे प्रोग्राम आहेत. पुस्तक मिटून ते प्रोग्राम पुन्हा लिहून बघा.

हे जुनं मिळालं तरी चालेल, फक्त 1978 ची पहिली आवृत्ती नको, 1988 ची दुसरी घ्या. तिच्या मुखपृष्ठावर 'आन्सी सी' (ANSI C), म्हणजे सीचं प्रमाणित रूप, असं छापलेलं असतं.