लोकांसमोर बोलायची, मिसळायची खूप भीती वाटते. गोळ्या घ्याव्यात की थेरपी?

सुरुवात सीबीटीने, म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने करा. ती नको असेल किंवा पुरली नाही, तर गोळ्या. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वंही हाच क्रम देतात: वैयक्तिक सीबीटी, सुमारे चार महिन्यांत 14 ते 16 सत्रं. खरा फरक पडतो तो टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरं गेल्याने: आधी अनोळखी माणसाला वेळ विचारणं, मग दुकानात वस्तू परत करणं, मग बैठकीत एक प्रश्न. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. प्रसंगात जातात, पण नजर खाली, हातात मोबाइल, मनात वाक्यं घोकत. मग 'यामुळेच निभावलं' असं वाटतं आणि भीती तशीच राहते. हे आधार मुद्दाम सोडा, लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर ठेवा.

गोळ्यांत आधी एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन. गुण दिसायला काही आठवडे, कधी 12 सुद्धा लागतात. बरं वाटल्यावरही निदान 6 महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच थांबवतात. प्रोप्रॅनोलॉल (धडधड, थरथर कमी करणारी गोळी) फार तर एखाद्या भाषणापुरतं, आणि दमा असेल तर अजिबात नको.

मात्र सोबत नैराश्य, दारूचा आधार किंवा जीव द्यायचे विचार असतील, तर आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. तिथे हा क्रम बदलतो.